शकुंतला अजून भरती आहे

परभणीहून आलो म्हटलं की आमच्या चिपळुणात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" बघण्यासारखं पुष्कळ आहे, तेही सांगतो. पण मी गेलो होतो ऐकायला, आणि तेही एक-दोन वाक्यं. गुडघे कुरकुरणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने एवढ्यासाठी कोकणातून थेट मराठवाडा का गाठावा, ते आधीच सांगून टाकतो.

माझी मुलगी मेधा भूलतज्ज्ञ आहे. सोनपेठ तालुक्यात एका ट्रस्टच्या लहानशा दवाखान्यात ती काम करते. दवाखान्याचं नाव लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे. तीन वर्षांपूर्वी माझी बायको शकुंतला तिच्याकडे राहायला गेली होती. मी कौलं बदलायच्या कामात अडकलो म्हणून गेलो नाही. तिथे शकुंतलेच्या पोटात दुखायला लागलं, पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशनही तिथेच झालं. ठणठणीत होऊन ती घरी आली. गेल्या पावसाळ्यात मात्र एका सकाळी उठलीच नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

जानेवारीत मेधाचा फोन आला. "बाबा, आईचा आवाज आमच्या दवाखान्यात आहे. भरती झाली तेव्हा घेतलेला. त्यात तिने तुमचं नाव घेतलंय. पुढच्या आठवड्यात मला तो पुसायचा आहे. ऐकायला येता का?"

शकुंतलेने मला जन्मभर 'अहो' म्हटलं. लग्नात घास भरवताना तिने उखाणा घेतला होता म्हणतात. पण बँडवाल्यांना नेमका तेव्हाच जोर चढला आणि मला तिचे ओठ हललेले तेवढे दिसले. पुढे कितीदा तरी म्हटलं, आता घे. "एकदा घेतलं ना, तुम्ही ऐकलं नाहीत त्याला मी काय करू," एवढं बोलून ती कामाला लागायची.

मी मेधाला म्हटलं, "मग पाठव की फोनवर."

"नाही पाठवता येणार. पेशंटचा आवाज दवाखान्याबाहेर जात नाही."

"मी नवरा आहे तिचा!"

"बाबा, इथली प्रत्येक बाई आवाज देताना विचारते, हे बाहेर जाणार नाही ना, घरी गेल्यावर पुसाल ना? आईनेही विचारलं होतं. मी हो म्हटलंय."

लेकीने आईला दिलेला शब्द. त्यापुढे बाप काय बोलणार? पिशवी भरली, वही-पेन्सिली घेतल्या आणि निघालो.

पेडगावच्या अलीकडे

कोकणातल्या माणसाला मराठवाड्यात पहिली कशाची चुटपुट लागत असेल तर ती डोंगराची. खिडकीतून बघतो तर नजर अडवायला काही नाहीच. तुरीची कापणी झालेली, हरभरा गुडघ्याच्या खाली आणि मधूनच ज्वारीची उभी रानं. मातीचा रंग काळा म्हणतात, पण तो नुसता काळा नाही. सकाळच्या उन्हात त्यात जांभळ्याची झाक दिसते. माझ्या लाल मातीतल्या डोळ्यांना ती कितीही बघितली तरी पुरेना.

पेडगावला गाडी उगाचच थांबून राहिली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी डबा उघडून धपाटे आणि दही माझ्यापुढे सरकवलं. "घ्या की. परभणी आलीच हाय, पण ही गाडी काय सांगता येत न्हाई." आमच्याकडे अनोळखी माणसाला खायला देण्याआधी आपण त्याचं गाव, आडनाव आणि आंब्याची कलमं किती ते विचारून घेतो. इथे खाणं आधी आणि चौकशी मागून. धपाटा तिखट होता, नाकातून पाणी आलं. गृहस्थ समाधानाने हसले.

चारठाणा

परभणीला उतरून सरळ सोनपेठची बस धरायची, असं ठरलेलं होतं. मी धरली जिंतूरकडची. मेधाला फोन करून सांगितलं की चारठाणा बघून उद्या येतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही टाळताय." टाळतच होतो. एकदा ऐकलं की संपलं. न ऐकलेलं होतं तोवर शकुंतलेकडून मला अजून काहीतरी यायचं बाकी होतं.

पण चारठाण्याला कारणही होतं. दुखणं सुरू होण्यापूर्वी मेधाने आईला तिथली जुनी देवळं दाखवली होती. घरी आल्यावर ती म्हणाली होती, "एक खांब आहे तिथे. एकटाच उभा आहे, अंगभर कोरलेला. तुम्ही असतात तर दिवसभर हलला नसतात." आणि नंतर पुढच्या थंडीत आपण दोघं जाऊ, असंही म्हणाली होती. ती थंडी आली तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं.

खांब तिने सांगितला होता तसाच निघाला. मी वही उघडून बसलो. दगडावर ऊन सरकेल तशी नक्षी कमी-जास्त होत होती आणि दोनदा खोडूनही काही जमेना. शेवटी थोडं लांबून बघावं म्हणून मागे-मागे सरकलो आणि नुकतंच पाणी दिलेल्या रानात पाय घातला. काळ्या मातीने चप्पल अशी धरली की पाय वर आला आणि चप्पल तिथेच राहिली. दुसरा पाय टाकला तर तोही आत.

बांधावर एक जोडपं हुरडा भाजत होतं. त्यातला शेतकरी धावत आला. त्याने मला आधी आणि चपलेला नंतर बाहेर काढलं. "तिकडून कामून आलाव ओ? पाणी चालू हाय की रानात!" मग अर्थातच हुरड्याला बसवलं. गोवऱ्यांच्या आगीत भाजलेली कोवळी कणसं तळहातावर चोळायची, फुंकायची आणि गरम दाणे लसणाच्या चटणीसोबत तोंडात टाकायचे. आमच्याकडच्या, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून केलेल्या पोपटीला मी आजवर फार भाव देत होतो. आता जरा बेताने देईन.

"एकलेच आलाव? बाईला कामून न्हाई आणलं?" शेतकऱ्याच्या बायकोने विचारलं.

"ती आधीच बघून गेलीये," मी म्हणालो. खोटं काही बोललो नाही, पण पुढचा दाणा गिळायला वेळ लागला.

उपकार फेडावे म्हणून मी शेतकऱ्याचं कणसं भाजतानाचं चित्र काढलं. ते बाईला आवडलं. खाली नाव लिहावं म्हणून तिलाच विचारलं, "यांचं नाव काय?" बाईने पदर तोंडाला लावला आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडे बघत बसली. मी पुन्हा विचारलं. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आवो, तुमीच सांगा की."

"लिवा, दगडू," तो म्हणाला. "ती मरंस्तोवर न्हाई सांगायची. रेशनच्या दुकानातबी शेजारीण सांगती माजं नाव."

सगळे हसलो. रात्रीपुरता परभणीत एका लॉजवर टेकलो. नाव न सांगण्याच्या या गोष्टीचं मेधाच्या दवाखान्याशी काय नातं आहे, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सोनपेठ

मेधाने नाश्त्याला सुशीला केली होती. कुरमुरे भिजवून, त्यात शेंगदाण्याचं कूट, मिरची आणि लिंबू घालून केलेला हा प्रकार. बशी संपेपर्यंत ती काहीच बोलली नाही. आईची हीच सवय होती, माणसाचं पोट भरल्याशिवाय विषय काढायचा नाही. मग तिने सगळं सांगितलं.

दवाखान्यात औषध असो, रक्त असो की भूल, देण्यापूर्वी माणूस तोच आहे ना हे बघावं लागतं. चुकीच्या माणसाला दुसऱ्या गटाचं रक्त गेलं तर जीव जातो. त्यासाठी तिने आधी मनगटावर बारकोडची पट्टी बांधायला सुरुवात केली. बायका बांगड्या भरताना पट्टी काढून ठेवायच्या. पेशंट उन्हाला बसायला गेली की तिची नणंद खाटेवर आडवी व्हायची, जागा कोणी घेऊ नये म्हणून. आणि "तुम्ही अमक्या का?" असं विचारलं की डॉक्टरचा मान म्हणून कोणीही "हाव" म्हणायचं. पूर्ण नाव स्वतः सांगा म्हटलं तर गाडी नवऱ्याच्या नावाशी येऊन थांबायची. तरुण मुली सांगतात, पण म्हाताऱ्या बायका सिस्टरकडे बघून नुसत्या हसतात.

"मग एक दिवस रेणुका सिस्टर म्हणाली, मॅडम, नाव सांगणार न्हाईत, पण नाव घेतील की!"

म्हणजे उखाणा. मेधाने तिच्या एका इंजिनियर मैत्रिणीकडून टॅबवर तशी सोय करून घेतली. भरती होताना बाईचा फोटो आणि तिच्याच आवाजात उखाणा. रक्त लावण्यापूर्वी, ऑपरेशनला नेण्यापूर्वी दर वेळी तिने तोच उखाणा पुन्हा घ्यायचा. सिस्टरने आधीचा ऐकून आणि चेहरा बघून खात्री करायची. नणंद कितीही हुशार असली तरी तिला दुसऱ्याच्या नवऱ्याचा उखाणा घेता येत नाही!

"आणि पुरुष?"

"त्यांना बैलाचं नाव विचारतो. ट्रॅक्टरवाल्यांची पंचाईत होते."

मी हसलो, तीही हसली, आणि मग आईच्या आवाजाकडे वळली.

घरी गेलेल्या पेशंटची नोंद बंद केली की आवाज आपोआप पुसला जातो. आईची नोंद तिने बंद केलीच नव्हती. आधी आळसाने, आईचंच आहे, राहू दे म्हणून. पावसाळ्यानंतर हात धजेना म्हणून. त्यामुळे दवाखान्याच्या यादीत शकुंतला अजून भरती होती. या भागात शकुंतला काही थोड्या नाहीत. नवी कोणी आली की टॅबवर लाल पट्टी यायची, 'सारख्या नावाचा दुसरा रुग्ण आहे'. सिस्टरना ठाऊक होतं की ही दुसरी म्हणजे मॅडमची आई. मॅडमला वाईट वाटायला नको म्हणून कोणी काही बोलत नसे. अंगठ्याने पट्टी बाजूला सारायची आणि पुढे जायचं.

"मागच्या आठवड्यात सोनपेठचे एक किराणा दुकानदार बायकोला घेऊन आले. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे, रक्त फार कमी, त्यामुळे आधी रक्त द्यावं लागणार. तपासणीच्या वेळी सिस्टरने नाव टाकलं. लाल पट्टी आली, तिने सवयीने सारली आणि समोर आईची नोंद उघडली. आईच्या रक्तगटासकट. बाबा, त्या बाईंचं नाव शकुंतला आणि नवऱ्याचं विश्वनाथ."

विश्वनाथ हे माझं नाव.

"मी मागेच उभी होते म्हणून दिसलं. त्या दिवशी नुसती तपासणी होती. रक्त लावायच्या वेळी असं झालं असतं तर?" तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांना नियम मी शिकवते आणि सगळ्यात मोठा धोका माझ्याच आईच्या नावाने ठेवून बसले होते. त्या बाई आज भरती होतील. दुपारी परभणीहून रक्त येईल. त्याआधी आईची नोंद बंद व्हायला हवी."

एवढी मोठी भूलतज्ज्ञ, पण बशीतल्या शेंगदाण्याशी खेळत बसली होती, लहानपणी गणित चुकलं की बसायची तशी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दवाखाना गावाबाहेर आहे, दारात कडुनिंब आणि पलीकडे उसाचे फड. गोदावरी तिथून दिसत नाही, पण तिच्याकडून येणारा वारा कळतो. नव्या शकुंतलाबाई खाटेवर बसल्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी, आणि अशक्तपणाने चेहरा अगदी पांढरट झालेला. त्यांचे यजमान बाहेर बाकावर होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांनी मला लिंगायतांच्या रीतीने नमस्कार केला, "शरणार्थ. तुमी मॅडमचे वडील का? मॅडम लय चांगल्या हायत. फिकीर करू नका म्हणल्या." अप्पांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे ते स्वतःही मोठ्याने बोलत. अर्ध्या तासात मला गुळाचे भाव आणि त्यांची चिंता दोन्ही समजली. दुकानात गल्ल्यावर ते बसत आणि माप त्या करत. त्या आजारी पडल्यापासून गिऱ्हाइकं येऊन तशीच उभी राहतात, असं त्यांचं म्हणणं.

मग मेधाने मला आतल्या खोलीत बोलावलं. रेणुका सिस्टर टॅब घेऊन उभी होती. "काका, त्या दिवशी मीच घेतला होता आवाज. लय लाजल्या होत्या."

आधी फोटो दिसला. दवाखान्याच्या हिरव्या गाऊनमधली शकुंतला, केस विस्कटलेले, फोटो काढतात म्हणून उगाच ताठ बसलेली. सिस्टरने बोट लावलं.

पहिल्यांदा नुसतं तिचं हसू ऐकू आलं. मग तिचा आवाज. "अगं, त्यांना सवय नाही गं ऐकायची. मला तरी कुठे आहे घ्यायची? थांब हां." खाकरली. मग एका दमात म्हणाली,

"ज्वारीची भाकरी गोड, पण भाताची येते आठवण,
विश्वनाथरावांचं नाव म्हणजे माझी जन्माची साठवण."

माझं नाव. तिच्या तोंडात ते कसं वाटेल याचे मी किती अंदाज बांधले होते. 'श्व'वर ती जरा अडखळली, हे कुठल्याच अंदाजात नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण सिस्टरने तेव्हा यंत्र लगेच बंद केलं नसावं. मागे कुठेतरी भांडं वाजलं आणि शकुंतला हळूच म्हणाली, "झालं ना? पुसाल ना मग नंतर? किती वाजले गं? हे जेवले असतील का तिकडे?"

त्या दिवशी मी जेवलो होतो की नाही, आठवत नाही. कौलं उतरवलेली होती. बहुतेक शेजाऱ्यांकडून डबा आला असेल. मी तिला ते सांगायला तोंड उघडलं आणि भान आलं.

तिथे मी रडलो. लेकीसमोर, सिस्टरसमोर, लाज न बाळगता. मेधाने दाराला कडी लावली आणि ती माझ्याशेजारी बसून रडली.

पुन्हा एकदा ऐकू का, असं विचारणार होतो. इतक्यात बाहेर गाडी लागल्याचा आवाज आला. परभणीहून रक्त आलं होतं. मेधाने डोळे पुसले आणि टॅब माझ्यापुढे धरला. "मला जमत नाहीये, बाबा. तुम्ही दाबा."

पडद्यावर विचारलं होतं, 'रुग्ण घरी गेली का?'

तिला एसटी स्टँडवरून घ्यायला मीच गेलो होतो. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी होती आणि उतरल्या उतरल्या म्हणाली होती, किती वाळलात हो. घरी तर ती नक्कीच आली होती. मी 'होय' दाबलं. आवाज पुसला जाईल, अशी ताकीद आली. पुन्हा दाबलं. फोटो गेला. यादीत शकुंतला विश्वनाथ हे नाव एकदाच राहिलं.

बाहेर येऊन मी वॉर्डाच्या दाराजवळच्या खुर्चीत बसलो. आत रक्ताची पिशवी टांगली होती आणि दोघी सिस्टर लेबल वाचून बघत होत्या. या वेळी लाल पट्टी आली नाही. रेणुका सिस्टर म्हणाली, "आजी, घ्या नाव. मघाशी भरती होताना घेतलं, तेच."

"पुन्यांदा? किती वेळा घ्यायलाव गं माज्याकडून!" शकुंतलाबाई कुरकुरल्या. मग भिंतीकडे तोंड करून, क्षीण पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या,

"तराजूच्या पारड्यात गुळाची ढेप,
विश्वनाथअप्पाचं नाव घेते, ही शेवटची खेप."

माझंच नाव, पण दुसऱ्या कुणाचं. मेधाने मान हलवली, चिमटा सैल केला आणि नळीतून रक्त थेंब थेंब उतरायला लागलं. पहिली पंधरा मिनिटं ती खाटेजवळून हलली नाही.

अप्पा बाकावरून उठून माझ्याकडे आले. "ओ सर, काय म्हणली हो ती? मला न्हाई ऐकू आलं. माजं नाव घेतलं का?"

"घेतलं."

"आँ?"

मी उभा राहिलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळा उखाणा म्हटला, नावासकट, शेवटच्या खेपेसकट. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. उपरण्याने त्यांनी तोंड झाकून घेतलं आणि आतून बोलले, "लग्नानंतर पहिल्यांदाच. आन् मी भायेर बसलो!" मग उपरणं काढून विचारात पडले. "शेवटची खेप कशाची? उद्या आपरेशनला नेताना पुन्हा इचारतील का न्हाई?"

"विचारतील. नियम आहे."

"मग उद्या इथंच बसतो, दाराजवळ. हितं ऐकू येईल ना बराबर?"

"येईल," मी म्हणालो. खुर्ची उचलून दाराच्या अगदी चौकटीला लावली आणि त्यांना तिथे बसवलं.